वाळवंटी घळईचा नकाशा करताना या चुका टाळा

घळईच्या नकाशातल्या बहुतेक चुका एकाच सवयीतून येतात: जमीन सरळ वरून बघायची. सपाट मुलखात ते चालतं. इथे महत्त्वाचं सगळं उभ्या कड्यांत असतं आणि वरून कडा जेमतेम रेघेएवढा दिसतो.

सर्वांत महागात पडते ती ड्रोनची एकच ठरलेली उंची. काठापासून १०० मीटर वर उडालात आणि घळई ३०० मीटर खोल असेल, तर तळ ४०० मीटरवर जातो. तिथला पिक्सेल काठाच्या चौपट मोठा होतो. उड्डाण तळाच्या हिशेबाने आखलं तर उलटं होतं: तळाशी ८० टक्के ओव्हरलॅप (शेजारच्या फोटोंतला सामाईक भाग) असला तरी काठावर २० टक्केच उरतो आणि फोटोंवरून बनणारं त्रिमितीय मॉडेल तिथेच फाटतं. म्हणून काठ, मधले टप्पे आणि तळ यांची उड्डाणं वेगळी आखा, कड्यांसाठी कॅमेरा तिरका ठेवा. कंट्रोल पॉइंटही (जमिनीवर अचूक मोजलेल्या खुणा) सगळ्या पातळ्यांवर हवेत. अमेरिकन नकाशाकार ब्रॅडफोर्ड वॉशबर्न यांनी ग्रँड कॅन्यनच्या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशासाठी मोजणीला दुर्गम सुळक्यांवर हेलिकॉप्टरने माणसं उतरवली. एवढी मेहनत अनाठायी नव्हती.

फुकट मिळणाऱ्या, दर ३० मीटरला एकच उंची देणाऱ्या डेटावर अरुंद घळईसाठी विसंबू नका. २० मीटर रुंदीची चीर त्यात बुजूनच जाते. असा डेटा देणाऱ्या, फेब्रुवारी २००० मधल्या एसआरटीएम या अंतराळ मोहिमेचं रडार तिरकं बघत होतं. कड्यांच्या आडोशाला डेटाच नव्हता, तिथल्या पोकळ्या नंतर भरल्या गेल्या. डेटा तपासायला पात्राचा छेद (प्रवाहाच्या वाटेवरच्या उंचीचा आलेख) काढा. प्रवाह मध्येच चढावर जाताना दिसला, तर सॉफ्टवेअरला खड्डे बुजवायला सांगू नका, त्याने दोष फक्त झाकला जातो. आधी मूळ डेटा बघा.

समोच्च रेषा एकमेकींत मिसळून काळा पट्टा होतोय? १:२५,००० वर १० मीटर अंतराच्या रेषा ६० अंशांच्या उतारावर पाव मिलिमीटरहूनही जवळ येतात. अंतर वाढवा किंवा कडा वेगळ्या चिन्हाने दाखवा.

तळाशी जीपीएस भरकटतो, कारण आकाश चिंचोळं असतं आणि सिग्नल भिंतींवरून उलटून येतात. तिथे टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं उपकरण) बरं. उंची लंबवर्तुळावरची (जीपीएस धरतो त्या पृथ्वीच्या गणिती आकारावरची) की समुद्रसपाटीवरची, तेही नोंदवा. काही प्रदेशांत हा फरक शंभर मीटरपर्यंत जातो.

पुढे झुकलेला कडा उंचीच्या चौकटींच्या ग्रिडमध्ये मावत नाही, एका जागेला तिथे एकच उंची मिळते. अशा ठिकाणी पॉइंट क्लाउड (मोजलेल्या त्रिमितीय बिंदूंचा संच) जपून ठेवा.