टीबीच्या रुग्णाचे मन कसे सांभाळावे : घरच्या माणसांसाठी

टीबीचे निदान झाले की घरात गोळ्या, अंडी, दूध आणि थुंकीच्या तपासणीच्या तारखा यांचा हिशेब लगेच सुरू होतो. रुग्णाच्या मनाकडे मात्र वजन वाढेपर्यंत कोणी फारसे पाहत नाही. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा उपचारसुद्धा सहा महिने चालतो, आणि गोळ्या मध्येच सुटण्यामागे पुष्कळदा खचलेले मन असते. गोळ्या सुटल्या की आजार उलटतो आणि जंतू औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे मनाची काळजी हा उपचाराचाच भाग मानावा, आणि ती घ्यायची कशी हे रुग्णाच्या सर्वांत जवळ वावरणाऱ्या एका माणसाने तरी नीट समजून घ्यावे.

पहिली अडचण ओळखण्याची असते. भूक मरणे, वजन घटणे, झोप मोडणे, सतत थकवा वाटणे ही नैराश्याची लक्षणे टीबीचीही आहेत, त्यामुळे केवळ त्यांवरून काहीच ठरवता येत नाही. लक्ष ठेवावे ते दोन गोष्टींवर: सलग दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहते का, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस उरला आहे का. ताप उतरला, खोकला कमी झाला, तरीही माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहत असेल, नातवंडांशी बोलत नसेल, ‘माझ्यावर खर्च करू नका’ असे वारंवार म्हणत असेल, तर ते अशक्तपणावर ढकलू नये. ‘तुम्हाला डिप्रेशन आलंय का?’ या प्रश्नाला बहुधा ‘नाही’ हेच उत्तर मिळते. त्यापेक्षा ‘हल्ली तुम्ही संध्याकाळच्या बातम्या लावत नाही, मन लागत नाही का?’ असे विचारावे आणि नंतर गप्प बसून ऐकावे. जगणे नकोसे वाटते का, हेही स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. उत्तर ‘हो’ असेल तर रुग्णाला एकटे सोडू नये, औषधांचा साठा आपल्या ताब्यात ठेवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

यानंतर कारण शोधावे, कारण उपाय त्यावर ठरतो. वागणे एकाएकी बदलले, माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरू लागला, आणि सोबत ताप, तीव्र डोकेदुखी किंवा उलट्या असतील, तर तो मेंदूच्या आवरणाचा टीबी असू शकतो. येथे समुपदेशनाचा काही उपयोग नसतो. रुग्णालयात नेण्यात तासांचा उशीरही महाग पडतो. ‘बाहेरची बाधा’ म्हणून देवऋषाच्या दारात गेलेले दिवस अशा वेळी परत मिळत नाहीत.

दुसरे कारण खुद्द औषधे. आयसोनियाझिड हे टीबीच्या उपचारातले मुख्य औषध काही थोड्या रुग्णांमध्ये चिडचिड, संशय, भास असे परिणाम घडवते; मद्यपान करणाऱ्यांमध्ये आणि आधीपासून मानसिक आजार असणाऱ्यांमध्ये ही शक्यता अधिक असते. हे औषध शरीरातील ब-६ जीवनसत्त्व कमी करते, म्हणून त्याची वेगळी गोळी दिली जाते. हातापायांना मुंग्या येऊ लागल्या तर ती गोळी घेतली जाते की नाही, हे तपासावे. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत कधी कधी द्यावे लागणारे सायक्लोसेरिन याहून अधिक जपून वापरण्याचे औषध आहे, कारण त्याने तीव्र नैराश्य, भ्रम आणि आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. गंमत अशी की, १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयसोनियाझिडच्याच कुळातले इप्रोनियाझिड घेणारे क्षयरुग्ण आश्चर्य वाटावे इतके उल्हसित दिसू लागले, आणि पुढे त्यातूनच नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक मिळाले. ही औषधे मनापर्यंत पोचतात याचा यापेक्षा ठळक पुरावा कोणता हवा? तरीही असा संशय आल्यावर घरच्यांनी गोळी परस्पर बंद करू नये. काय बदलले आणि कधीपासून, हे तारखांसह लिहून क्षयरोग केंद्रात दाखवावे.

तिसरे कारण आपण स्वतः असतो. वेगळे ताट, वेगळा पेला, खाटेपासून चार हात लांबून विचारलेली चौकशी, यांतून रुग्णाला जे सांगायचे ते सांगून होते. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नव्हे. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, सुरुवातीच्या काळात रुग्णाने मास्क लावावा, आणि जेवण एकाच पंगतीत करायचे झाल्यास ते हवेशीर ओसरीवर किंवा गच्चीवर करावे. औषधे लागू पडत असतील तर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका पुष्कळ कमी होतो. कधीपासून निर्धास्त वागायचे हे डॉक्टरांनाच विचारावे, आणि तेही रुग्णासमोर. फक्त गाठीचा किंवा हाडाचा टीबी असेल तर तो सहसा इतरांना होत नाही. आजाराची बातमी कोणाला सांगायची हे रुग्णाने ठरवावे. लग्नाच्या मुलीचा किंवा नव्या सुनेचा आजार लपवताना तिलाच खोलीत लपवले जाते, हे तर सर्रास घडते. बुडालेल्या रोजंदारीची चिंताही थोडी नसते. टीबीच्या रुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० ऐवजी १,००० रुपये मिळतात, तेव्हा बँक खाते जोडले आहे ना, याची खात्री उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी.

मदत मागताना आधी आशाताईंना किंवा क्षयरोग केंद्रातील पर्यवेक्षकांना सांगावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना टीबीच्या सर्व गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून न्यावीत, आणि तोच कागद परत टीबीच्या डॉक्टरांना दाखवावा. टीबीवरच्या औषधांपैकी लिनेझोलिडबरोबर नैराश्यावरच्या काही गोळ्या धोकादायक ठरतात, बेडाक्विलिनबरोबर काहींचा हृदयाच्या ठोक्यांवर ताण येतो, आणि रिफाम्पिसिनमुळे मनाच्या आजारावरची बरीच औषधे शरीरातून लवकर निघून जाऊन कमी पडतात. म्हणूनच डोस वाढवावा लागला असेल, तर टीबीचा उपचार संपण्याची तारीख मानसोपचारतज्ज्ञांना आधीच कळवून ठेवावी. रिफाम्पिसिन थांबल्यावर साधारण दोन आठवड्यांत तोच वाढीव डोस जास्त होऊ लागतो.