वीस वर्षांनी कामी येईल असं आज कसं सांगायचं

माझ्या टेबलाच्या खणात चार घड्या घातलेलं नेत्रदानाचं एक पत्रक आहे. घड्यांवर कागद झिजलाय, एका कोपऱ्यात चिकटपट्टीचा पिवळा डाग आहे. नऊ वर्षं ते एका घरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. त्या घरातल्या बाई गेल्या तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. मुलीने कपाट उघडलं आणि पत्रकावरचा नंबर लावला. नंबर बंद. आमच्या ज्या कार्यकर्त्याचा तो होता, त्याने चार वर्षांपूर्वीच तो बदलला होता. मुलगी सकाळपर्यंत ओळखीच्यांना फोन लावत राहिली. निरोप आमच्यापर्यंत पोचला तेव्हा वेळ निघून गेली होती. दहा दिवसांनी ती ते पत्रक माझ्या हातात ठेवून गेली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आईने नऊ वर्षं जपलं होतं हो."

मी बावीस वर्षं नेत्रदानाबद्दल बोलते आहे. आपण बोलतो आज, आणि ते बोलणं लागतं कधीतरी पुढे, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला, ही गोष्ट त्या पत्रकाने मला कायमची शिकवली. तुम्ही पाण्यावर काम करत असाल, घरगुती हिंसेवर, व्यसनांवर किंवा आणखी कशावर, या कामात नवीन असाल तर पुढचं तुमच्यासाठी लिहिते आहे. उदाहरणं माझ्या कामातली आहेत. तुमची तुम्हाला सापडतील.

आधी विचारा: हे शब्द कुणाला, कधी लागणार?

आमच्या कार्यक्रमाला येतो पन्नाशीचा माणूस. निर्णय घ्यावा लागतो त्याच्या मुलांना, वीस-पंचवीस वर्षांनी, घरात रडारड चाललेली असताना. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत काढून घ्यावा लागतो. म्हणजे आमच्या वर्षानुवर्षांच्या बोलण्याची परीक्षा त्या सहा तासांत होते, आणि परीक्षेला बसणारा माणूस आमच्या कार्यक्रमाला कधी आलेलाच नसतो.

हे उमगायला आम्हाला सात वर्षं लागली. तोवर आम्ही गठ्ठ्यांनी संकल्पपत्रं भरून घेत होतो आणि वार्षिक अहवालात त्यांचा आकडा मोठ्या अक्षरांत छापत होतो. फोन मात्र तुरळक यायचे. मग आम्ही संकल्पपत्र भरलेल्या काही जणांच्या घरी गेलो. बहुतेक घरांत बायकोला, मुलांना त्याचा पत्ताच नव्हता. पत्र पाकिटात किंवा फाइलीत नीट ठेवलेलं होतं. त्यानंतर आम्ही भाषणाचं शेवटचं वाक्य बदललं. आधी "फॉर्म भरा" म्हणायचो, आता "आज रात्री घरी सांगा" म्हणतो. त्या एका बदलाने जेवढं काम झालं तेवढं सात वर्षांच्या फॉर्मांनी झालं नव्हतं.

तुमच्या विषयासाठी एका कागदावर तीन ओळी लिहा. ऐकणार कोण? प्रत्यक्ष कृती करणार कोण? मधे किती काळ जाणार? घरगुती हिंसेबद्दलचं भाषण शेजारीण ऐकते. त्याचा उपयोग होतो एखाद्या रात्री, भिंतीपलीकडून आवाज येतो तेव्हा. त्या क्षणी तिला भाषणातला मुद्दा आठवणार नाही. "दार वाजवायचं आणि वाटीभर साखर मागायची" एवढं आठवेल. म्हणजे तेच द्यायला हवं.

टिकेल असं छापा

पत्रकावर माणसाचा नंबर छापू नका, कामाचा नंबर छापा. माणूस बदलला तरी नंबर पुढच्याच्या हातात जाईल अशी व्यवस्था करा. आमच्याकडे आता महिन्यातून एकदा कुणीतरी एक जण रात्री दोनला त्या नंबरवर फोन करून बघतो, उचलला जातो का. इंटरनेटवरच्या पत्त्यांचंही तेच. पाच वर्षांनी तो पत्ता उघडेल याची खात्री नसेल तर मजकूरच कागदावर द्या.

"या पंधरवड्यानिमित्त" असलं काही छापू नका. पंधरवडा संपला की पत्रक रद्दीत जातं. अक्षर एवढं मोठं ठेवा की चष्मा सापडला नाही तरी वाचता येईल. आणि त्या वेळी हाताने काय करायचं ते सगळ्यात वर. आमच्या पत्रकात चारच ओळी आहेत: पापण्या मिटा, वर ओला स्वच्छ कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. नेत्रदानाचं महत्त्व मागच्या बाजूला. कागद गुळगुळीत नको, पेनाने लिहिता यायला हवं. लोक त्यावर स्वतःच्या डॉक्टरांचा नंबर लिहितात, आणि मग ते पत्रक फेकत नाहीत.

आक्षेपांची वही

माझ्याकडचं सगळ्यात मोलाचं साधन म्हणजे दोनशे पानी रेघी वह्या. आता अकरावी चालू आहे.

कुणी आक्षेप घेतला की त्याच दिवशी तो वहीत उतरवायचा, त्याच्याच शब्दांत. तारीख, जागा, साधारण वय, बाई की पुरुष. नाव लिहायचं नाही. आणि त्या पानावर आपलं उत्तर लिहायचं नाही. हा नियम मी फार कडकपणे पाळते. उत्तर लिहायला लागलं की आपण आक्षेप ऐकायचं थांबतो आणि वाद जिंकायला निघतो. "डोळे काढल्यावर खोबणी दिसेल" हे एका आजोबांचं वाक्य आहे. मी ते "विद्रूपतेची भीती" असं लिहिलं असतं तर आजोबा गेले असते आणि माझा एक शब्द तेवढा उरला असता. खोबणी या शब्दामुळे मला कळलं की त्यांना नेमकं काय दिसत होतं. मग आमच्या डॉक्टरांनी प्रत्येक कार्यक्रमात सांगायला सुरुवात केली की पापण्या नीट मिटवल्या जातात, चेहरा होता तसाच दिसतो.

पहिली तीन वर्षं ही वही वाचून जीव खचतो. तेच ते आक्षेप. पालथ्या घड्यावर पाणी ओततोय असं वाटतं. तरी लिहीत राहा. पाच-सहा वर्षांनी पहिली वही आणि चालू वही शेजारी शेजारी उघडा. माझ्या पहिल्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य आहे, "गेलेल्या माणसाला आता तरी त्रास नको." चौथ्या वहीपर्यंत त्याची जागा दुसऱ्या वाक्याने घेतली होती: "त्यांना चष्मा होता, मधुमेह होता, चालेल का?" (चालतं. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन यांमुळे नेत्रदान सहसा अडत नाही.) आक्षेपाची शंका झाली होती. शंका विचारणारा माणूस मनाने आत आलेला असतो, त्याला आता तपशील हवे असतात.

देणगीदार दर तिमाहीला विचारतात, किती लोकांपर्यंत पोचलात? तो आकडा द्यावाच लागतो, द्या. पण आपलं काम पुढे सरकतंय की नाही हे बघायला वही उघडा. लोक काय विचारतात ते बदललं असेल तर पाणी मुरतंय.

विरोध करणाऱ्याला परतीची वाट ठेवा

एका सभेत एक गृहस्थ उठून तावातावाने बोलले, आम्हाला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणाले. माझ्या शेजारी बसलेला तरुण कार्यकर्ता उत्तर द्यायला उठला, मी त्याचा हात धरून खाली बसवलं. मी एवढंच म्हटलं, "तुमच्या मनात हे का आलं असेल ते मी समजू शकते. सभा संपल्यावर भेटाल का?" ते भेटले नाहीत, निघून गेले. सहा वर्षांनी त्यांचा फोन आला. पत्नी गेली होती. "मी तो, तुमच्या सभेत ओरडलो होतो तो," अशीच त्यांनी सुरुवात केली.

त्या दिवशी त्यांना सगळ्यांसमोर गप्प केलं असतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, तर त्या रात्री त्यांनी आमचा नंबर लावला नसता. आज जो मोठ्याने विरोध करतो त्याने निदान त्या विषयावर विचार केलेला असतो. त्याच्या नावाने पोस्ट टाकू नका, त्याचा व्हिडिओ फिरवू नका. आणि तो परत येईल तेव्हा "आम्ही तेव्हाच सांगितलं होतं" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो ती हीच गोष्ट.

खरं तेवढंच सांगा, कमी पडलं तरी

आम्ही बरीच वर्षं म्हणायचो, "एकाच्या नेत्रदानाने दोघांना दृष्टी मिळते." वाक्य सुंदर, लगेच तोंडात बसणारं. एका कुटुंबाने वर्षश्राद्धाच्या सुमाराला विचारलं, बाबांच्या डोळ्यांनी कुणाला दिसायला लागलं, नाव सांगू नका पण दिसतंय ना? आम्ही चौकशी केली. दोन्ही कॉर्निया प्रत्यारोपणाला योग्य ठरले नव्हते, ते शिक्षणासाठी वापरले गेले होते. ती माणसं आमच्यावर चिडली नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या गल्लीतून पुढे कित्येक वर्षं एकही फोन आला नाही.

आता आम्ही पूर्ण सांगतो. अख्खा डोळा बसवता येत नाही. कॉर्नियाच्या दोषामुळे आलेलं अंधत्वच यातून दूर होऊ शकतं. प्रत्येक कॉर्निया प्रत्यारोपणाला चालतोच असं नाही, तो अभ्यासाला आणि संशोधनालाही लागतो. भाषण थोडं फिकं होतं. होऊ दे.

विश्वास किती हळू साठतो आणि किती झटकन सांडतो हे बघायचं तर जर्मनीकडे बघा. तिथे २०१२ साली उघड झालं की काही रुग्णालयांत अवयवांच्या प्रतीक्षायादीत फेरफार झाले होते. दात्यांचे डोळे-मूत्रपिंड चोरीला गेले नव्हते, यादीतला क्रम बदलला गेला होता. तरी २०११ मध्ये तिथे मृत्यूनंतर अवयव देणारे १,२०० दाते होते, ते २०१३ मध्ये ८७६ वर आले. म्हणून आपल्या चळवळीत कुठेही काही चुकलं तर ते आधी आपल्या तोंडून लोकांना कळलं पाहिजे.

कंटाळा आपल्याला आधी येतो

तेच वाक्य चारशेव्यांदा बोलताना जीभ जड होते. नवीन घोषवाक्य, नवीन रंग, नवीन गाणं हवंसं वाटतं. समोरचा मात्र पहिल्यांदाच ऐकत असतो. र. धों. कर्व्यांनी संततिनियमन आणि लैंगिक आरोग्यासाठी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ मध्ये सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. खटले झाले, दंड झाला, पदरमोड झाली. सव्वीस वर्षं मूळ म्हणणं एकच.

गाभा तोच ठेवून दार बदलता येतं, आणि बदलावंच. धूम्रपानाचं बघा. फुप्फुसांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दाखवणारे मोठे अभ्यास १९५० सालीच प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याचा, अहवाल १९६४ चा. बराच काळ बोलणं ओढणाऱ्याच्या फुप्फुसांबद्दल होतं, आणि "माझं शरीर, माझी मर्जी" म्हणून ते अडायचं. १९८१ मध्ये जपानमधला एक अभ्यास आला: नवरा ओढतो, बायको ओढत नाही, तरी तिला कर्करोगाचा धोका जास्त. तिथून चर्चेत शेजारी बसणारा माणूस आला, मग कामाच्या जागेवरची हवा आली, आणि २००४ मध्ये आयर्लंडने पबांसकट सगळ्या बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपान बंद केलं. अमेरिकेत १९६५ साली शंभरातली सुमारे ४२ प्रौढ माणसं ओढायची, २०२० साली साडेबारा. पंचावन्न वर्षं लागली. पहिली वीस वर्षं ज्यांनी खपून काम केलं, त्यातल्या कित्येकांना हा शेवटचा आकडा बघायला मिळाला नाही.

म्हणून आपल्या जागी उभा राहील असा माणूस पहिल्या पाच वर्षांतच शोधा. त्याला नुसतं भाषण शिकवू नका, वह्या वाचायला द्या. आणि स्वतःची सुट्टी ठरवून घ्या. हे काम धापा टाकत करणारी माणसं मी तिसऱ्या वर्षी निघून जाताना पाहिली आहेत, फार चांगली माणसं होती.

अकराव्या वहीत गेल्या काही महिन्यांत एक नवं वाक्य वारंवार येतंय. आधीच्या दहा वह्यांत ते कुठेच नाही. "आम्हाला द्यायचं होतं, पण दवाखान्यात कुणी विचारलंच नाही." स्पेनने १९८९ मध्ये नेमकी हीच जागा धरली होती. त्यांनी रुग्णालयांतच, नातेवाइकांशी बोलायला प्रशिक्षित माणसं नेमली, आणि दहा वर्षांत तिथल्या अवयवदात्यांचं प्रमाण दुपटीच्या वर गेलं. आमचं आजवरचं सगळं बोलणं घरातल्या माणसांशी होतं. अतिदक्षता विभागाबाहेर रात्रपाळीला असणाऱ्या सिस्टरशी काय बोलायचं, तिच्या खिशात मावेल असा कागद कसा असावा, हे आम्हाला अजून माहीत नाही. पुढच्या आठवड्यात तिघी सिस्टर येणार आहेत, त्यांना विचारायला नवी कोरी वही आणून ठेवली आहे.