जुनी चेतक घरी सुरू करण्याआधीची तयारी

बरीच वर्षे जिन्याखाली उभी असलेली टू-स्ट्रोक बजाज चेतक स्कूटर घरच्या घरी चालू करायची असेल, तर पाने, पेचकस, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), कापड आणि नवा स्पार्क प्लग जवळ ठेवावा, हे वेगळे सांगायला नको. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाबद्दल मात्र सांगायलाच हवे. मागच्या खेपेला नेमके तेच तपासायचे राहिले आणि ठिणगीसाठी लागणारे कॉइल आणि कंडेन्सर, पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची सुई असे चांगले भाग निष्कारण बदलले गेले.

काम उघड्यावर करावे. जवळपास शेगडी, देव्हाऱ्यातील समई किंवा विडी नको. टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचून गंज धरतो आणि जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. म्हणून टाकी खाली उतरवून धुवावी, कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीची) जाळी साफ करावी आणि नळी नवीच घालावी. नव्या पेट्रोलमध्ये लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल मिसळावे. इंजिन जाम असेल तर प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून रात्रभर थांबावे आणि दुसऱ्या दिवशी मॅग्नेटचा (इंजिनाबरोबर फिरून करंट देणाऱ्या चाकाचा) पंखा हाताने हळूहळू फिरवून पाहावा. अडकलेल्या इंजिनावर किकचा जोर काढला तर पिस्टनची रिंग तुटते.

आता झाकण. चेतकची टाकी सीटखाली असते आणि पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने कार्बोरेटरकडे उतरते, त्यामुळे जेवढे पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला एक बारीक छिद्र असते. ते मातीने, गंजाने किंवा टाकी नव्याने रंगवताना रंगाने बुजते. कधी झाकणात बसवलेले नवे रबरच त्यावर आडवे येते. मग गाडी झकास सुरू होते, कोपऱ्यापर्यंत जाते आणि दम कोंडल्यासारखी बंद पडते. आपण पेट्रोल संपले की काय म्हणून झाकण उघडतो, हवा आत शिरते, गाडी पुन्हा चालू होते आणि दोष भलत्याच भागावर जातो. म्हणून पेट्रोलची धार तपासताना झाकण घट्ट लावूनच तपासावी. नळीचे टोक बाटलीत सोडून कॉक उघडावा आणि धार काही मिनिटे पाहत राहावे. आधी चांगली असलेली धार बारीक होत थेंबांवर आली आणि झाकण सैल करताच पुन्हा वाढली, तर दोष सापडला. झाकण उघडे ठेवून केलेल्या तपासणीला काडीचाही अर्थ नाही.

गाडी चालता चालता बंद पडली, तर लगेच किक मारत बसू नये आणि झाकणालाही हात लावू नये. स्कूटर तिरकी करून किक मारण्याची जुनी सवय तर सोडूनच द्यावी, कारण त्याने गाडी क्षणभर सुरू झाली तरी खरे कारण झाकले जाते. आधी प्लग काढून पाहावा. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, दोष करंटचा आहे. कंडेन्सर किंवा कॉइल तापल्यावर मान टाकते आणि गार झाल्यावर पुन्हा चालते, म्हणून स्पार्क गाडी गरम असतानाच पाहावा. प्लग कोरडा असेल तर कान जवळ नेऊन झाकण हळूच सैल करावे. आत हवा ओढली गेल्याचा ‘सुस्’ असा आवाज आला, तर कार्बोरेटर उघडण्याचे कारणच उरत नाही. पॉइंटच्या गाडीत (जिथे करंट तोडायला उघडझाप करणारे पॉइंट असतात) पॉइंटचे अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास आणि प्लगचे ०.६ ठेवावे. मॅग्नेट पुलरनेच (ओढून काढायच्या हत्याराने) काढावा, हातोडीने कदापि नाही.

इंजिन आपोआप रेस होत असेल, तर मॅग्नेटच्या बाजूचे ऑइल सील (इंजिनाच्या दांड्याभोवतीची रबरी कडी) हवा ओढत असण्याची शक्यता मोठी. त्याने मिश्रणात पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापतो आणि सीज होतो, म्हणजे जाम बसतो, तेव्हा अशी गाडी पुढे चालवू नये. पांढरा धूर न थांबता येत असेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचे सील गेले आहे. सील महाग नसतात आणि पुण्यात नाना पेठेत मिळतात, पण त्यासाठी इंजिन उघडावे लागते. म्हणून हा निष्कर्ष काढण्याआधी कार्बोरेटरखालचे पॅकिंग आणि नट पाहून घ्यावेत.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहून ठेवावी. दोन एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि प्रत्येक बदलानंतर झाकणाचे छिद्र पुन्हा पाहावे, विशेषतः टाकी रंगवून आणली असेल तर.

बाकीचे थोडक्यात. ब्रेकचे लायनर आणि सगळ्या केबल नव्या घालाव्यात. टायर ३.५०-१० मापाचे लागतात. रिम दोन भागांची असते, त्यामुळे ती खोलण्यापूर्वी ट्यूबमधली हवा पूर्ण सोडावी, नाहीतर दोन्ही भाग अंगावर उडतात. नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली असेल तर आरटीओत नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.