पॉवर टूल्ससाठी जनरेटर घेताय? आधी या चुका टाळा

"जनरेटर खराब निघाला" म्हणत जे येतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांचा जनरेटर ठणठणीत असतो, गंडलेला असतो तो हिशोब. दुकानात गेले, बॉडीवरचा मोठा आकडा बघितला, आपल्या मशीनचे वॉट मनातल्या मनात जुळवले, बसतंय म्हणाले आणि उचलून आणलं. तेच तेच सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

स्टिकरवर विश्वास ठेवणे

बॉडीवर जो ठळक आकडा असतो तो मॅक्स. म्हणजे थोडा वेळ कसाबसा ओढेल तेवढा. दिवसभर कामाला धरायचा तो रेटेड, आणि तो बिचारा छोट्या प्लेटवर बारीक अक्षरात असतो, वाकून बघावं लागतं. त्यात केव्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) आणि किलोवॅट (खरं कामाला येणारी ताकद) एकच समजायची सवय, या दोघांचं प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅटच. आणि "मोठा घेऊन ठेवू" म्हणून थ्री फेज आणणारे तर वेगळेच, नंतर सगळा लोड एका सिंगल फेज सॉकेटवर टाकतात, तिथे एकूण ताकदीच्या साधारण एक तृतीयांशच मिळते.

बरं, रेटेड बघूनही माणूस फसतो, कारण मोटर सुरू होतानाची भूक वेगळी असते. ग्राइंडर, ड्रिल, मार्बल कटर ही कार्बन ब्रशवाली मशीनं सुरू होताना एक झटका देतात आणि लगेच स्थिरावतात, सॉफ्ट स्टार्ट (मोटर हळूहळू उचलणारी सोय) असेल तर तेवढाही त्रास नाही. खरा राक्षस म्हणजे इंडक्शन मोटर, म्हणजे बिनब्रशची. कंप्रेसर, पाण्याचा पंप, बऱ्याचशा मोठ्या टेबल सॉ. यांना सुरू व्हायला, चालत असताना लागणाऱ्या करंटच्या ५-६ पट करंट लागतो, क्षणभरच, पण त्या क्षणात जनरेटर बसतो.

ओळखीतला एक फर्निचरवाला आहे, बाहेर जाऊन काम करणारा. नेलगन आणि स्प्रेसाठी २ एचपीचा कंप्रेसर. जनरेटरवर लिहिलेलं ३.५, प्लेटवर रेटेड २.८ केव्हीए. त्याचं म्हणणं, २ एचपी म्हणजे दीड किलोवॅट, डबल मार्जिन आहे की! अरे पण दीड किलोवॅट हे मोटर शाफ्टला देते ते, आत ओढते साधारण २ किलोवॅट, करंट १०-११ अँपिअर. सुरू होताना पन्नासच्या वर. आणि २.८ केव्हीए म्हणजे २३० व्होल्टला १२ अँपिअर. मी गेलो तेव्हा बटण दाबलं की कंप्रेसर नुसता हुंऽऽ करत होता, शेजारचा बल्ब लाल पडायचा, इंजिन दबायचं आणि खट्, एमसीबी खाली. पठ्ठ्याने तेवढ्यात कार्ब्युरेटर साफ करून, प्लग बदलून, दुकानदाराशी भांडूनही झालं होतं.

मी आधी टाकीतली सगळी हवा सोडली. मग बटण दाबलं तर कसाबसा उचलला. टाकी भरली, बंद झाला, आणि प्रेशर उतरल्यावर परत लागायला गेला की पुन्हा हुंऽऽ. म्हणजे बंद होताना हेडकडच्या पाइपमधली हवा सोडणारा अनलोडर व्हॉल्व्ह अडकला होता, मोटर दरवेळी प्रेशरच्या विरुद्ध उठायला बघत होती. बंद होताना जो फुस्स आवाज येतो तो येतच नव्हता, आणि ते कोणाच्या लक्षातही नव्हतं. त्यात आवाज नको म्हणून जनरेटर लांब ठेवलेला, मध्ये ३० मीटर १.५ स्क्वेअर एमएमची वायर, तीही अर्धी ड्रमवर गुंडाळलेली.

लांब, बारीक वायर

याच्यावर मी जरा जास्तच बोलतो, बोलू द्या. ३० मीटर वायर म्हणजे जाऊन येऊन ६० मीटर तांबं, १.५ एमएममध्ये त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.७ ओहम. १० अँपिअरला ७ व्होल्ट पडतात, चालून जातं. पण सुरू होताना ५० अँपिअर मागितले की ३५ व्होल्ट वायरमध्येच गेले, तेही जनरेटरचा स्वतःचा व्होल्टेज आधीच पडलेला असताना. मोटर उठणार कशी? वरून गुंडाळलेली वायर तापते, इन्सुलेशन मऊ पडतं. मी २.५ एमएमच्या खाली वायर ठेवतच नाही आणि ड्रम पूर्ण सोडतो, पायात आली तरी चालेल.

कंप्रेसर असेल तर त्याहून सोपं काम, तो जनरेटरजवळ बाहेरच ठेवा आणि हवेचा पाइप लांब न्या. फर्निचरवाल्याचं तेच केलं, व्हॉल्व्ह साफ केला, जनरेटर तोच, आता चालतोय. काठावर चालतोय, हे त्याला सांगितलंय. शांतपणे चालायला त्याला मोठाच हवा होता.

स्क्रू पिळणारे महाभाग

लोड उचलत नाही म्हटलं की कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा स्पीड धरून ठेवणारी यंत्रणा, पिळतोच. ५० हर्ट्झचा साधा टू-पोल जनरेटर ३००० आरपीएमला बांधलेला असतो. स्पीड वाढवून ताकद विकत मिळत नाही, फ्रिक्वेन्सी चढते, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) नसेल तर व्होल्टेजही चढतो आणि पहिला बळी बॅटरीच्या चार्जरचा. पाच मिनिटांत उपाय हवा असलेल्या माणसाला हे पटत नाही, चार्जर जळल्यावर पटतं.

बाकीचं पटापट. इन्व्हर्टर जनरेटर (आत इलेक्ट्रॉनिक्स लावून स्वच्छ वीज देणारा) चार्जरला, नाजूक इलेक्ट्रॉनिक्सला छान, पण ओव्हरलोड दिसला की आउटपुट लगेच कापतो, त्यामुळे कंप्रेसरसाठी त्याच वॉटचा साधा जनरेटर बरेचदा बरा पडतो. इन्व्हर्टरवर ग्राइंडर लावताना इको मोड (लोड कमी असला की इंजिनचा स्पीड उतरवणारा) बंद करा, इंजिन स्पीड पकडेपर्यंत मशीन थांबत नाही. दोन मशीनं असतील तर मोठी मोटर आधी, छोटी नंतर. उंच डोंगरावर काम असेल तर दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के ताकद कमी धरा. गरम इंजिनवर पेट्रोल ओतू नका, यावर चर्चा नाही.

आणि खोलीत, तळघरात, शटर अर्धं उघडं ठेवून जनरेटर लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, सरळ बंद करतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळेपर्यंत हातपाय चालत नाहीत. बाहेर, दार-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब, धूर उलट्या दिशेला.

खरेदीला जाताना मी कागदावर लिहून नेतो: सगळ्यात जड मोटरचा सुरू होतानाचा लोड, सोबत चालणाऱ्या बाकीच्यांचा चालू लोड, वर पाव भाग जास्त. आणि शक्य असेल तर ते जड मशीनच सोबत नेतो. दुसऱ्या सॉकेटला मल्टिमीटर लावायचा आणि मशीन सुरू करायचं. २३० चा काटा २०० च्या खाली जाऊन एक-दोन सेकंदात वर आला नाही तर तो जनरेटर मी घेत नाही. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

काम नसताना ठेवायचा असेल तर पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर शिळ्या पेट्रोलने कार्ब्युरेटरचा जेट (बारीक भोक) तुंबतो आणि मग दोरी ओढून ओढून खांदा जातो. आणि उतारावर ठेवलेला जनरेटर सारखा बंद पडत असेल तर मेकॅनिकला फोन लावायच्या आधी तो सपाट जागी ठेवा आणि ऑइल बघा, लो-ऑइल सेन्सर असला की तिरप्यावर तो इंजिन बंद करतोच.