आगोटीत ठोक्यांच्या गोळ्यांचीही बेगमी

मिरगाआधी घरात सुकट, मीठ, सरपण भरून होतं. हृदयाचे ठोके अनियमित असलेलं माणूस घरात असेल तर गोळ्यांची भरणीही त्याच दिवसांत उरका. नेहमीच्या महिन्याच्या साठ्यावर पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्त ठेवा. घाट बंद पडला, साकव पाण्याखाली गेला, की तालुक्याचं मेडिकल दूरच राहतं. मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळी अचानक थांबली तर ठोके आधीपेक्षा जोरात उसळतात.

मुंबईच्या चाकरमान्याकडून गोळ्या मागवताना कंपनीचं नाव पुरेसं नाही, आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून पाठवा. अ‍ॅसिनोकुमॅरॉल (रक्त पातळ करणारं औषध) १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये मिळतं, अ‍ॅमिओडॅरोन (ठोक्यांची लय सांभाळणारं) १०० आणि २०० मध्ये. पाकिटं सारखी दिसतात आणि घोटाळा तिथेच होतो. नवी पट्टी जुनीशेजारी धरून वाचल्याशिवाय डब्यात टाकू नका. गोळ्या पट्टीतच राहू द्या. अर्धी गोळी घ्यायची असेल तर त्या दिवशीच तोडा. आठवड्याच्या तोडून ठेवल्या तर दमट हवेत मऊ पडतात. चुलीवरची फळीही टाळा.

नाडी रोज सकाळी, पाच मिनिटं शांत बसून, अंगठ्याखालच्या मनगटावर तीन बोटं ठेवून मोजा. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं अनियमित नाडीला चालत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याच्या आजारात) काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून बोटाला लावायच्या यंत्राचा आकडाही फसवतो. आकडा कालनिर्णयावर लिहा. ६० च्या खाली असेल तर डिगॉक्सिन (ठोके मंद करणारी गोळी) घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

डिगॉक्सिनची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. म्हणूनच आपल्याकडे बरेच डॉक्टर आठवड्यातून पाच दिवस गोळी आणि दोन दिवस सुट्टी असं लिहून देतात. सुट्टीचे वार कालनिर्णयावर आधीच खुणेने मांडून ठेवा. पावसाळ्यातले जुलाब इथे घात करतात: पोटॅशियम घटतं, शरीर कोरडं पडून मूत्रपिंड मंदावतं, आणि रोजचीच गोळी जास्त होते. लघवीची गोळी चालू असेल तर आणखीच. जेवण नको वाटणं, मळमळ, सगळं पिवळसर दिसणं, नाडी मंद होणं, ही लक्षणं पित्तावर ढकलू नका. जुलाब लागताच ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना कळवा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी) चालू असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर विचारल्याशिवाय देऊ नका. डिगॉक्सिनची रक्तपातळी तपासायची झाल्यास गोळीनंतर किमान सहा तासांनी रक्त द्या, नाहीतर आकडा खोटाच जास्त येतो.

रक्त पातळ करणारी गोळी ठोके सुधारत नाही, गुठळी अडवते. म्हणून ठोके बरे वाटले तरी ती सोडायची नाही. वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात, धातूची झडप बसवलेल्यांना बहुतेक वेळा त्याहून जास्त. पहिल्या पावसानंतर टाकळा, शेवग्याचा पाला, अळू ताटात येतात. पालेभाज्यांत जीवनसत्त्व के असतं आणि ते गोळीच्या उलट काम करतं. भाजी बंद करायची नाही, पण चार दिवस रोज आणि मग महिनाभर अजिबात नाही, असंही नको. कंबरदुखीला परस्पर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेऊ नका. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळी तापाच्या) साथीत आरोग्यसेविका डॉक्सिसायक्लिन देतात. ते टाळू नका, पण आयएनआर वाढू शकतो हे सांगा आणि तपासणी लवकर करून घ्या. मळ्यात जळू लागली तर रक्त बराच वेळ वाहील, स्वच्छ फडक्याने दाबून धरा. आजची चुकलेली गोळी आजच आठवली तर घ्या, उद्या दोन घेऊ नका.

अ‍ॅमिओडॅरोन मोठं कामाचं औषध, पण शरीरातून निघायला महिने घेतं. ते सुरू झालं की वॉर्फरिनची मात्रा बहुधा कमी करावी लागते, डिगॉक्सिनची साधारण निम्मी. हा बदल डॉक्टरांनीच करायचा. थायरॉइड आणि यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी. उन्हात त्वचा भाजते, काळवंडते, म्हणून लावणीला पूर्ण बाह्या आणि टोपी हवी. गणपतीत पपनस फोडलं जातं. ग्रेपफ्रूटच्या या भावंडाने औषधाचं प्रमाण वाढू शकतं, रुग्णाच्या वाट्याला ते नको. कोरडा खोकला आणि चढणीवर वाढता दम हा पावसाळी खोकला समजून काढ्यावर काढू नका. या औषधाने फुप्फुसालाही इजा होते, छातीचा एक्स-रे लागतो.

चक्कर येऊन पडणं, अर्धं अंग लुळं पडणं, बोबडी वळणं, काळी शौच यांपैकी काहीही दिसलं तर १०८ लावा आणि सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्या.