पेरिकार्डायटिस पुन्हा पुन्हा उलटतोय? इको आणि एमआरआयच्या बाबतीत या चुका टाळा

हृदयाभोवती पेरिकार्डियम नावाचं पातळ, दुपदरी आवरण असतं. त्याला सूज आली, म्हणजे पेरिकार्डायटिस झाला, की छातीत टोचल्यासारखं दुखतं. आडवं झालं किंवा खोल श्वास घेतला की दुखणं वाढतं आणि पुढे वाकून बसलं की जरा आराम पडतो. पहिल्या खेपेला बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. पण 15 ते 30 टक्के रुग्णांत चार ते सहा आठवडे बरे गेल्यावर आजार उलटतो, आणि एकदा उलटलेला पुन्हा उलटण्याची शक्यता आणखी वाढते. मग दर भेटीला रुग्णासमोर आणि डॉक्टरांसमोर तोच प्रश्न येतो: औषध आता कमी करायचं का?

याचं अर्धं उत्तर लक्षणं आणि रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा घटक, देतात. उरलेलं अर्धं हृदयाच्या चित्रणातून मिळू शकतं. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या 2025 च्या मार्गदर्शक तत्त्वांत एमआरआयला पूर्वीपेक्षा मोठं स्थान मिळालं ते यामुळेच. मात्र चांगली तपासणी चुकीच्या पद्धतीनं मागवली किंवा वाचली, तर रुग्ण महिनोन्‌महिने नको ते स्टेरॉइड घेत राहतो किंवा गरजेचं औषध मध्येच तुटतं. दोन्ही नुकसान टाळता येण्यासारखं आहे.

"इको नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही"

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसतं ते आवरणात साठलेलं पाणी, हृदयाची हालचाल आणि आत येणाऱ्या-जाणाऱ्या रक्ताचा वेग. निरोगी आवरणाची जाडी जेमतेम 2 मिलिमीटर, आणि तिथली सूज इकोला सहसा पकडता येत नाही. तीव्र पेरिकार्डायटिसमध्येही पाणी साधारण 60 टक्के रुग्णांतच सापडतं. म्हणजे ठणठणीत दिसणाऱ्या इकोबरोबर खराखुरा आजार असू शकतो. दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला केवळ त्या कागदावरून "टेन्शन घेऊ नका" असं सांगून परत पाठवणं अन्यायाचं आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवा. हृदयाच्या पुढच्या बाजूला असलेली चरबी इकोत पाण्यासारखी काळसर दिसू शकते. ती हृदयाबरोबर हलते आणि पाण्याइतकी पूर्ण काळी नसते. अनुभवी डॉक्टर हे ओळखतात, पण घाईत केलेल्या रिपोर्टमध्ये "थोडं पाणी" असं लिहिलं जातं आणि पुढे दोन वर्षं ते पाणी रुग्णाच्या फाइलमध्ये फिरत राहतं. पाणी असेल तर मिलिमीटरमध्ये मोजमाप मागा. 10 पेक्षा कमी म्हणजे थोडं, 10 ते 20 मध्यम, 20 च्या वर जास्त. मागच्या आकड्याशी तुलना केल्याशिवाय "वाढलं" किंवा "कमी झालं" म्हणण्यात अर्थ नाही.

एवढं असूनही आजार उलटल्याची शंका आली की पहिली तपासणी इकोचीच. पाण्याचा दाब हृदयावर येतोय का आणि आवरण हृदयाला आवळतंय का, हे ती काही मिनिटांत सांगते.

एमआरआय मागवताना नुसतं "हृदयाचा एमआरआय" लिहिणं

हृदयाचा एमआरआय म्हणजे एकच ठरलेली तपासणी नव्हे. प्रश्नानुसार त्यात वेगवेगळे भाग जोडले जातात, आणि आवरणासाठीचे भाग नेहमीच्या यादीत असतीलच असं नाही.

तीन गोष्टी हव्यात. पहिली, सूजेतलं पाणी दाखवणारी टी2 स्टर नावाची चित्रं. दुसरी, गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट देऊन काही मिनिटांनी घेतलेली चित्रं, ज्यांना रिपोर्टमध्ये एलजीई म्हणतात. निरोगी आवरणात रक्तवाहिन्या फारच कमी, त्यामुळे ते कॉन्ट्रास्ट जवळपास धरतच नाही. सूज आली की नव्या वाहिन्या फुटतात, कॉन्ट्रास्ट तिथे रेंगाळतं आणि आवरण उजळ दिसतं. पण शेजारची चरबीही या चित्रांत उजळच असते. म्हणून चरबीचा उजेड दाबून, म्हणजे फॅट सप्रेशन करून, ही चित्रं घ्यावी लागतात. ते राहून गेलं तर उजळ पट्टा सूजेचा की चरबीचा हे सांगता येत नाही, आणि कधी चरबीलाच आजार समजून उपचार वाढवले जातात. तिसरी गोष्ट, श्वास चालू ठेवून घेतलेली हलती चित्रं. श्वास आत घेताना दोन वेंट्रिकलमधला, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला, पडदा डावीकडे ढकलला जातोय का, हे त्यात दिसतं, आणि आवरण आवळल्याची ती मोठी खूण आहे.

कॉन्ट्रास्टशिवाय केलेला एमआरआय या आजारात अर्धाच प्रश्न सोडवतो. किडनीचं काम बरंच कमी झालं असेल, गरोदरपण असेल किंवा आधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी आली असेल, तर ते आधीच सांगा म्हणजे पर्याय ठरवता येईल. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर तेही. आणखी एक गोष्ट फॉर्मवर कधीच नसते, ती म्हणजे आडवं झाल्यावर दुखणं वाढतं ही. या तपासणीत बराच वेळ उताणं पडून राहावं लागतं आणि मध्ये मध्ये श्वास रोखावा लागतो. वेदनेनं रुग्ण हलला की चित्रं फसतात. वेदनाशामक कधी घ्यायचं, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

मागणीपत्रावर शेवटचं दुखणं कधी आलं, सध्या कोणती औषधं किती डोसमध्ये चालू आहेत आणि ताजा सीआरपी किती, हे लिहिलेलं असावं. चित्र वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टला याचा फार उपयोग होतो.

रिपोर्टमधली एकच ओळ धरून बसणं

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण उपचार भरकटतात ते बहुधा इथेच.

एलजीई आणि टी2 एकत्र वाचायचे असतात. आवरण कॉन्ट्रास्टनं उजळलंय आणि टी2 चित्रातही उजळ आहे, तर सूज ताजी आणि जोरात आहे. कॉन्ट्रास्टनं उजळलंय पण टी2 शांत आहे, तर आजार उताराला लागलाय. वाहिन्या अजून आहेत, पाणी ओसरलंय. दोन्ही शांत आणि आवरण मात्र जाड, तर आग विझून जागा घट्ट झालेली असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे सूज उतरवणाऱ्या औषधांकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. शिवाय आवरणातलं साधं पाणीही टी2 चित्रात उजळ दिसतं, म्हणून ते चित्र एकटं वाचायचं नसतं.

आता एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. दुखणं थांबलंय, सीआरपी नॉर्मल आहे, आणि रिपोर्टमध्ये "आवरणात सौम्य एलजीई" असं लिहिलंय. घरचे घाबरतात आणि स्टेरॉइडचा डोस पुन्हा वाढवायचा विचार सुरू होतो. असं करू नये. एलजीई लक्षणांच्या मागून, हळूहळू मावळतो. बऱ्या झालेल्या माणसातही तो काही काळ दिसू शकतो. त्याचा उपयोग डोस कमी करण्याचा वेग ठरवायला होतो. अशा वेळी औषध वाढवण्याऐवजी पुढची पायरी जरा लांबवणं माझ्या मते शहाणपणाचं.

दुसऱ्या रुग्णाचं दुखणं कायम आहे, पण सीआरपी नॉर्मल आणि एमआरआय पूर्ण स्वच्छ. आजार उलटला असं समजून त्याला स्टेरॉइडच्या खाईत ढकलण्याआधी थांबलं पाहिजे. बरगड्यांच्या सांध्यांचं दुखणं, आम्लपित्त, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा वेगळाच आजार, किंवा महिनोन्‌महिने वेदना सोसून मज्जासंस्थेला आलेली अतिसंवेदना, यांपैकी काहीही असू शकतं. या माणसाचं दुखणं खरंच आहे. फक्त त्याचं औषध वेगळं आहे.

तिसरा नेमका याच्या उलट. दुखतंय आणि सीआरपी नॉर्मल, पण तो आधीपासून स्टेरॉइडवर आहे. स्टेरॉइड सीआरपी दाबतं. शिवाय पहिल्या भेटीत सीआरपी वाढलेला सापडतो तो सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांतच, सगळ्यांत नाही. अशा वेळी एमआरआयमध्ये टी2 आणि एलजीई दोन्ही उजळ आले तर राखेखालचा निखारा सापडला म्हणायचा. माझ्या दृष्टीनं एमआरआयचा सगळ्यात मोलाचा उपयोग याच रुग्णासाठी आहे.

चुकीच्या वेळी स्कॅन, आणि स्वच्छ स्कॅन पाहून औषध बंद

प्रत्येक भेटीला एमआरआय करून काही साधत नाही. निकालानं उपचार बदलणार असतील तेव्हाच करावा: निदानाबद्दल शंका असताना, औषधांना दाद मिळत नसताना, किंवा दीर्घ उपचार कमी करण्याचा निर्णय घेताना. दोन स्कॅनमध्ये सहसा काही महिन्यांचं अंतर लागतं. शक्य असेल तर त्याच केंद्रात, त्याच पद्धतीनं करा, म्हणजे तुलना खरी होईल.

स्टेरॉइडची घसरगुंडी होते ती विशेषतः प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या रोजच्या 10 ते 15 मिलिग्रॅमच्या आसपास. त्या टप्प्यावर एका वेळी 1.25 ते 2.5 मिलिग्रॅम, आणि तेही दोन ते सहा आठवड्यांनी, असं कमी केलं जातं. दुखणं नाही म्हणून घाई केली की आजार उलटतो आणि सगळं पहिल्यापासून. सूज उतरवणारं कोल्चिसिनही बरं वाटलं म्हणून सोडू नका; आजार उलटलेला असेल तर ते किमान सहा महिने चालवतात.

इंटरल्युकिन-1 हा सूज भडकवणारा घटक रोखणाऱ्या इंजेक्शनांच्या बाबतीत ही चूक अधिक महागात पडते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऱ्हॅप्सडी चाचणीत यांपैकी रिलोनासेप्ट घेऊन आटोक्यात आलेल्या रुग्णांचे दोन गट केले होते. औषध थांबवून प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन, दिलेल्या 31 जणांपैकी 23 जणांचा आजार उलटला. औषध चालू ठेवलेल्या 30 पैकी फक्त 2 जणांचा. औषधाच्या छत्राखाली आलेला स्वच्छ एमआरआय म्हणजे औषध काम करतंय याचा पुरावा. आजार मुळापासून गेला असं त्यावरून ठरवता येत नाही. बंद कधी करायचं हे लक्षणं, सीआरपी, आजाराचा काळ आणि चित्रण एकत्र पाहूनच ठरवावं लागतं.

आवरण जाड दिसलं की ऑपरेशनची घाई

आवरण हृदयाला आवळू लागलं की पाय सुजतात, पोटात पाणी होतं, मानेच्या शिरा फुगतात. रिपोर्टमध्ये जाडी वाढलेली दिसली की हीच अवस्था, असं गृहीत धरलं जातं. जाडी आणि आवळणं या वेगळ्या गोष्टी आहेत: ऑपरेशनमध्ये सिद्ध झालेल्या आवळण्याच्या रुग्णांपैकी 18 टक्के रुग्णांत आवरणाची जाडी नॉर्मल होती, हे मेयो क्लिनिकच्या 2003 च्या अभ्यासात दिसलं. निर्णय हालचाल आणि रक्तप्रवाह पाहून होतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, सूज जोरात असताना आवरण तात्पुरतंही आवळतं. एमआरआयमध्ये ठळक एलजीई असेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर सूज उतरवणारी औषधं दोन ते तीन महिने देऊन पाहतात आणि कित्येकांचं ऑपरेशन टळतं. सूज विझलेली, सीटीमध्ये कॅल्शियमचे थर आणि त्रास वाढता असेल, तर मात्र औषधांवर वेळ घालवू नये. कॅल्शियम पाहण्यात सीटी एमआरआयपेक्षा सरस आहे.

पेट स्कॅन, म्हणजे साखरेसारखा किरणोत्सर्गी पदार्थ देऊन सूज शोधणारी तपासणी, क्वचितच लागतो. लागला तर आधीचा आहार काटेकोर पाळा: पिष्टमय पदार्थ आणि साखर पूर्ण बंद, त्यानंतर उपास. नाहीतर हृदयाचा स्नायू स्वतःच साखर खेचतो आणि आवरणाची सूज त्या उजेडात हरवते.

आवरणाकडे पाहताना स्नायूला विसरणं

रक्तातला ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, वाढलेला असेल तर हृदयाच्या स्नायूलाही सूज आहे का, याचं उत्तर त्याच एमआरआयमधून मागा. व्यायाम आणि खेळ किती काळ बंद ठेवायचे, हे त्यावर बदलतं. स्नायूत सूज असेल तर बंदी लांबते.

जुनी चित्रं जवळ नसणं

रिपोर्टचा कागद सगळे जपतात, सीडी मात्र हरवते. दुसऱ्या डॉक्टरांना मत द्यायचं असेल तर चित्रंच लागतात, वर्णन नव्हे. फाइलमध्ये प्रत्येक स्कॅनसोबत त्या दिवशीचा सीआरपी आणि औषधांचे डोस एका कागदावर लिहून ठेवा.

आणि एमआरआयची तारीख पुढच्या आठवड्यात असली तरी धाप वाढत चालली, चक्कर येऊ लागली, रक्तदाब घसरला किंवा मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या, तर त्या तारखेची वाट पाहू नका. आवरणात साठलेल्या पाण्यानं हृदय दाबलं जात असू शकतं. अशा वेळी थेट आपत्कालीन विभागात जाऊन ताबडतोब इको करून घ्या.