हंसाची जात निवडताना : कोकणातील एका वाडीचा अनुभव

पाळीव हंस घ्यायचे ठरले तेव्हा कोणती जात घ्यायची हे माझ्या मनात आधीच पक्के झालेले होते, आणि ती निवड सपशेल चुकीची होती. सेबास्टोपोल नावाच्या जातीचे एक छायाचित्र मी पाहिले होते. पाठीवरून जमिनीपर्यंत लोंबणारी पांढरी, कुरळी पिसे आणि निळे डोळे असलेला तो पक्षी पाहून मी इतका हरखलो होतो की दुसऱ्या जातींची माहिती वाचण्याचेही कष्ट घेतले नाहीत. डॅन्यूब नदी आणि काळा समुद्र यांच्या परिसरातून पुढे आलेल्या या हंसाच्या कुरळ्या पिसांवरून पाणी सरळ ओघळून जात नाही, ती भिजतात आणि चिखलाने लडबडतात, हे मला पुष्कळ नंतर कळले. आमची वाडी सिंधुदुर्गात आहे. येथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. सुदैवाने ते हंस मला कोठे मिळाले नाहीत.

नवीन माणसाचा पहिला गोंधळ नावापासूनच सुरू होतो. पक्षी विकणारे याला राजहंस म्हणतात, गावातील लोक सरसकट बदक म्हणतात आणि शिकलेल्या पाहुण्यांना काव्यातील नीरक्षीरविवेक आठवतो. हिवाळ्यात जायकवाडीसारख्या जलाशयांवर उतरणारा पट्टकदंब हा या पाळीव हंसांचा वन्य भाऊबंद आहे, परंतु तो पाळण्याचा पक्षी नव्हे आणि कायद्याने त्याला संरक्षण आहे. पाळीव हंसांची मुळे दोन वेगळ्या वन्य पक्ष्यांत आहेत. एम्डेन, टूलूझ, पिलग्रिम, सेबास्टोपोल या युरोपीय जाती राखाडी रंगाच्या कलहंसापासून आल्या, तर चिनी आणि आफ्रिकन या जाती पूर्व आशियातील लांब मानेच्या वन्य हंसापासून आल्या. (आफ्रिकन जातीचा आफ्रिकेशी मुळातून संबंध नाही, नाव कसे चिकटले याबद्दल नुसते तर्क आहेत.) ही दोन कुळे ओळखण्याची खूण सोपी आहे. चिनी कुळातील पक्ष्याच्या चोचीच्या बुडाशी, कपाळावर टेंगूळ असते. युरोपीय कुळातील पक्ष्याचे कपाळ सपाट उतरते. दोन्ही कुळांचा संकर होतो आणि त्या संकराची पिल्लेही पुढे वाढवता येतात. त्यामुळे आपल्याकडे बाजारात मिळणारे बरेचसे हंस थोडे इकडचे आणि थोडे तिकडचे असतात.

ही खूण मी शिकलो ती फसवणुकीतून. एका विक्रेत्याकडून, ज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, मी सहा पिवळी पिल्ले ‘शुद्ध एम्डेन’ म्हणून घेतली. एम्डेन ही जर्मनीतून आलेली पांढरी आणि भारी जात असून तिचा पूर्ण वाढलेला नर १० ते १२ किलोपर्यंत जातो. माझी पिल्ले दोन महिन्यांची झाली तेव्हा मान जरा जास्तच लांब आणि सडपातळ दिसू लागली. पुढे एके सकाळी पाणी भरताना एका पिल्लाच्या कपाळावर वाटाण्याएवढा उंचवटा दिसला. गांधीलमाशी चावली असावी असे समजून मी त्याला हळद लावली. आठवड्याभरात दुसऱ्यालाही तसाच उंचवटा आला, तेव्हा मला उलगडा झाला की ही गांधीलमाशी नव्हे, वंशावळ आहे. सहाच्या सहा पक्षी पांढऱ्या चिनी जातीचे, निदान बऱ्याच अंशी त्या जातीचे, निघाले. तेव्हा मी संतापलो होतो, आज मला त्या विक्रेत्याचे आभार मानावेसे वाटतात. मात्र पैसे त्याने एम्डेनचे घेतले होते, हे विसरता येत नाही.

जात निवडण्याआधी, हंसाने आपल्याकडे नेमके कोणते काम करायचे आहे, हे ठरवणे भाग आहे. मला बागेतील गवत आटोक्यात ठेवायचे होते. हंस हा कोंबडीसारखा दाणे टिपणारा पक्षी नसून गाईसारखा चरणारा आहे, आणि त्यातही त्याला कोवळे, आखूड गवत लागते. नारळाखालची हरळी आणि लव्हाळा माझ्या हंसांनी पहिल्याच पावसाळ्यात इतका खाल्ला की त्या वर्षी बेणणीसाठी माणूस लावावा लागला नाही. पण त्यांनी टाकळ्याकडे पाहिलेही नाही आणि रानमोडी तर तशीच उभी राहिली. भाताच्या खाचरात त्यांना सोडणे म्हणजे पीक हातांनी देऊन टाकणे होय, कारण भात हेही त्यांच्या दृष्टीने गवतच. काजूच्या नव्या कलमांची साल त्यांनी दोन दिवसांत सोलली. तेव्हापासून प्रत्येक लहान कलमाभोवती जाळी असते. अमेरिकेत कापसाच्या आणि स्ट्रॉबेरीच्या शेतांत तण खाण्यासाठी हंस सोडत असत, आणि त्या कामासाठी हलक्या, चपळ चिनी जातीला पसंती होती. भारी जातीचा पक्षी थोडे चरतो आणि सावली पाहून बसतो.

हे बसणे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. देशावरच्या एका परिचितांकडे भारी युरोपीय रक्ताच्या हंसांचा कळप आहे. टूलूझ जातीत, विशेषतः प्रदर्शनासाठी वाढवलेल्या प्रकारात, गळ्याखाली बैलाच्या पोळीसारखी कातडी लोंबते आणि पोटाखालची घडी जमिनीला टेकते. त्यांचे काही पक्षी त्याच वळणाचे होते. एप्रिलमधील दुपारी दोन वाजता ते सगळे आंब्याखाली चोची उघड्या टाकून धापत होते आणि परिचित त्यांच्यावर पाण्याची नळी धरून उभे होते. नर अंगाने जड असल्यामुळे जमिनीवर त्यांचे मीलन नीट होत नाही, त्यासाठी पोहण्याइतके पाणी हवे, आणि त्यांच्या हौदात तेवढे पाणी उन्हाळ्यात राहत नाही. त्या वर्षी त्यांची निम्म्याहून अधिक अंडी फोल गेली. पक्षी देखणे होते यात वाद नाही. पण ज्याच्याकडे तलाव आणि गर्द सावली नाही, त्याने कोकणात किंवा विदर्भात भारी जातीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

चिनी नर साधारण ५ किलोचा आणि मादी साडेचार किलोच्या आसपास असते. एम्डेनची मादी हंगामात २० ते ३० अंडी देते, तर चांगली चिनी मादी ४० ते ६० अंड्यांपर्यंत जाऊ शकते. माझ्या माद्या तिशीच्या पुढे क्वचित जातात. त्याचा दोष जातीपेक्षा माझ्या खाद्य देण्याच्या पद्धतीत जास्त आहे. मात्र चिनी जातीची मादी खुडूक बसेलच याची खात्री देता येत नाही. माझ्या चार माद्यांपैकी एकच मन लावून बसते. बाकीच्यांची अंडी मी तिच्याखाली किंवा गावठी कोंबडीखाली ठेवतो. अंडे मोठे असल्यामुळे कोंबडीखाली चार-पाचच मावतात आणि ती तिला पलटता येत नाहीत, म्हणून ते काम रोज हाताने करावे लागते. पिल्ले बाहेर येण्यास २८ ते ३० दिवस लागतात. कोंबडीच्या २१ दिवसांच्या हिशेबाने बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी धीर सोडणारे लोक मी पाहिले आहेत.

आता आवाजाविषयी, कारण निवड बहुधा येथेच फसते. स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे व्हिस्कीच्या गोदामांच्या राखणीसाठी १९५९ मध्ये पांढरे चिनी हंस आणले गेले आणि ते काम त्यांच्या कळपाने अनेक दशके केले. राखणदार म्हणून त्यांची कीर्ती खरी आहे. आमच्या वाडीत रात्री कोल्हा आला, घोरपड अंड्यांजवळ सरकली किंवा डाकिया सायकलवरून उतरला, तरी हंस तितक्याच तन्मयतेने ओरडतात. त्यांना कोल्ह्यात आणि टपालात फरक करता येत नाही. शिवाय ते फक्त ओरडतात. बिबट्या किंवा भटक्या कुत्र्यांचा घोळका यांच्यापुढे त्यांचे काही चालत नाही, म्हणून सूर्यास्तापूर्वी त्यांना पक्क्या जाळीच्या खुराड्यात घ्यावेच लागते. ज्याचे घर शेजाऱ्याच्या भिंतीला लागून आहे, त्याने चिनी जात घेऊ नये. शांत स्वभावासाठी पिलग्रिम जातीची ख्याती आहे, आणि तिचा आणखी एक मोठा गुण असा की नर पांढरा व मादी राखाडी असल्यामुळे लिंग रंगावरूनच कळते. अमेरिकेत तिला १९३९ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. आपल्याकडे मात्र ती मला कोठे पाहायला मिळालेली नाही, आणि जी जात मिळत नाही तिच्यावर मन बसवण्याची चूक मी एकदा करून चुकलो आहे.

चिनी जातीत नर-मादी ओळखणे अंदाजाचे काम आहे. नराचे टेंगूळ मोठे आणि आवाज चढा असतो, मादीचा आवाज खालच्या पट्टीतला असतो. पण हे सारे पक्षी मोठे झाल्यावर. खात्री हवी असेल तर जाणकाराकडून गुद्द्वार तपासून घ्यावे. एका नराला चार-पाच माद्या पुरतात. माझ्याकडे सुरुवातीला तीन नर निघाले आणि पहिल्या हंगामात अंड्यांपेक्षा भांडणेच अधिक झाली. आणखी एक धोका असा की एकटे वाढवलेले, माणसाच्या मागेमागे फिरणारे नर पिल्लू पुढे माणसाला भीत नाही. भाच्याने लाडाने वाढवलेल्या नराने दीड वर्षानंतर त्याच भाच्याच्या पोटरीला असा चिमटा घेतला की तो आता विहिरीकडे दुसऱ्या वाटेने जातो.

जात कोणतीही घ्या, पहिले तीन आठवडे तिचे भवितव्य ठरवतात. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात हंसाच्या पिल्लांना पुरेल एवढे नियासिन हे जीवनसत्त्व नसते आणि ते कमी पडले की पाय वाकतात. मी खाद्यात यीस्टची पूड मिसळतो. त्यानंतर उलट चूक होते: भरपूर प्रथिनांचे खाद्य चालूच ठेवले तर पिसांचे वजन हाडांना पेलत नाही आणि पंखांची टोके बाहेर वळतात. तिसऱ्या आठवड्यानंतर गवत वाढवावे आणि भरडा कमी करावा. पाण्याचे भांडे असे असावे की पिल्लाला डोळ्यांपर्यंत डोके बुडवता येईल, पण आत पडून भिजता येणार नाही. सर्वांत महाग धडा मला शेंगदाण्याच्या पेंडीने शिकवला. जुलैमध्ये पोत्याच्या तळाची पेंड किंचित कुबट लागली तरी मी ती घातली आणि चार दिवसांत तीन पिल्ले गेली. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष हंसाच्या व बदकाच्या पिल्लांना कोंबडीपेक्षा कितीतरी लवकर मारते, असे पशुवैद्यांनी नंतर सांगितले. पावसाळ्यात मी आता पेंड आठवड्यापुरतीच आणतो.

माझी आवडती जात विचाराल तर तपकिरी चिनी. पांढऱ्यांनंतर दोन वर्षांनी मी तपकिरी जोडी आणली. तिच्या मानेच्या मागच्या बाजूने डोक्यापासून पाठीपर्यंत गडद पट्टा उतरतो, चोच व टेंगूळ काळे असते, आणि पाहताक्षणी मूळ वन्य पक्ष्याची आठवण होते. पसंतीचे खरे कारण याहून साधे आहे. आमच्या जांभ्याच्या तांबड्या मातीत पांढरे हंस जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून दसऱ्यापर्यंत विटकरी दिसतात, तपकिरी मात्र होते तसेच दिसतात. उलट, संध्याकाळी कळप मोजताना गवतात दडलेला तपकिरी पक्षी सापडत नाही, तेव्हा पांढरा बरा वाटतो.

देशी जातच हवी असा काहींचा आग्रह असतो आणि तो मला मान्य आहे. काश्मीरमधील अंझ ही हंसाची जात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंदलेली आहे. वुलर सरोवराच्या आसपासची कुटुंबे ती घरोघरी पाळतात. पण तो थंड हवेतील, पाणथळ प्रदेशातील पक्षी आहे. देशी म्हणजे त्या देशातील, एवढा अर्थ लक्षात घेतला तर सिंधुदुर्गात त्याला आणण्याचा मोह आवरता येतो.

आता अधूनमधून कोणी माझ्याकडेच पिल्ले मागण्यासाठी येते. मी पिल्ले आधी दाखवत नाही, आईबाप दाखवतो, आणि शक्यतो मे महिन्यातील दुपारी बोलावतो, म्हणजे पक्षी उन्हात कसा वागतो ते दिसते. मग त्यांना कुंपणाच्या आत दहा मिनिटे उभे करतो. गेल्या वर्षी आलेल्या तिघांपैकी दोघे तो गोंगाट ऐकून रिकाम्या हाताने परत गेले. त्यांतील एकाने नंतर बदके घेतली आणि तो समाधानी आहे.